प्रवाळं दर काही आठवड्यांनी मिटतात? आधी तारखा लिहा

तक्रार अशी असते. घरचा खाऱ्या पाण्याचा टँक छान चाललाय, मासे खातायत, काचा लख्ख आहेत, आणि एके दिवशी सकाळी बघावं तर सगळी प्रवाळं मिटलेली. झोआंच्या चकत्या बंद होऊन नुसते देठ उरलेत, लेदर सुकलेल्या अळंबीसारखं मान टाकून बसलंय, मशरूम आक्रसून रुपयाएवढी झालीत. (झोआ, लेदर, मशरूम ही प्रवाळांचीच नावं.) आपण घाबरून पाणी बदलतो. दोन दिवसांत सगळं पुन्हा फुलतं, आपण खूश. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सहा महिने चाललं होतं. पाणी बदललं की बरं वाटायचं, म्हणजे खोट पाण्यात होती हे उघड होतं. पण दर वेळी बरं वाटत होतं म्हणूनच मी खोट शोधायला बसत नव्हते. तापावर क्रोसिन घेऊन ऑफिसला जावं तसला प्रकार. मिटलेल्या प्रवाळाकडे कितीही टक लावून बघितलं तरी ते कारण सांगत नाही, कारण खारटपणा घसरला, पाणी तापलं, ऑक्सिजन कमी पडला, शेजाऱ्याने विष सोडलं, कशानेही ते तसंच मिटतं. कारण सांगते ती तारीख.

टँकची ओळख करून देते, म्हणजे पुढचे आकडे समजतील. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालच्या कपाटात सम्प. (इमारतीच्या टाकीचा सम्प नव्हे. पंप आणि फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर ठेवायची छोटी काचेची टाकी. आमच्या वॉचमनशी यावरून एकदा अर्धा तास गैरसमज चालला होता.) दगड वजा जाता वर साधारण १५० लिटर आणि खाली ४०, असं एकूण १९० लिटर पाणी.

माझ्याकडे फक्त मऊ प्रवाळं आहेत: झोआ, मशरूम, दोन लेदर आणि थोडी झेनिया. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. दुकानदार काहीही सांगो. आणि मालवणला पाण्यात डोकं घालून आलात तर हाताला लागलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका.

एक मिटलंय की सगळी?

वही काढायच्या आधी एवढं बघा. एकच प्रवाळ मिटलं असेल तर त्याचा शेजार तपासा. सगळी एकदम मिटली असतील तर पाणी तपासा. हा फरक न केल्यामुळे किती चाचणी-किट वाया गेले असतील, देव जाणे.

एकट्या लेदरच्या बाबतीत तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. ते कात टाकतं. चार दिवस, कधी दहा-बारा दिवस ते पॉलिप (अंगावरची फुलासारखी तोंडं) आत ओढून घेतं, अंगावर मेणचट चकाकी येते, मग ती पातळ साय सुटून पाण्यात तरंगायला लागते आणि आतून ताजं, गुबगुबीत लेदर बाहेर येतं. या काळात त्याच्यावर पाण्याचा झोत जरा वाढवा, साय लवकर सुटते. त्यापलीकडे हात लावू नका. पहिल्या वेळी मी लेदर मेलं समजून काढायला निघाले होते. नवऱ्याने अडवलं, त्याला टँकमधलं काही कळत नाही, त्याला फक्त त्याची किंमत लक्षात होती.

एकटी झोआंची वसाहत मिटत असेल तर रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च लावून बसा. झोआ खाणारी एक बारकी समुद्री गोगलगाय असते. ती ज्या झोआ खाते त्यांचाच रंग अंगात घेते, त्यामुळे दिवसा समोर असून दिसत नाही. दगडाच्या खालच्या बाजूला तिच्या अंड्यांची वळकटी सापडते. वसाहत बाहेर काढून औषधी पाण्यात बुडवली की गोगलगाय सुटते, पण अंडी बहुधा मरत नाहीत. म्हणून ती हाताने खरवडायची, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा बुडवायची.

इथे थांबून एक इशारा, आणि हा थट्टेचा नाही. काही झोआंमध्ये आणि त्यांच्या भाऊबंदांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि डोळ्यांवर चश्मा घातल्याशिवाय त्यांना कापू-खरवडू नका, हाताला जखम असेल तर मुळीच नाही. आणि झोआ चिकटलेला दगड ‘निर्जंतुक’ करायला कधीही उकळू नका, त्यावर कढत पाणी ओतू नका. वाफेतून ते विष श्वासात जाऊन अख्खी घरं दवाखान्यात भरती झालेली आहेत. तोंडाला धातूसारखी चव, ओठ बधिर, धाप, असं काही वाटलं तर थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना प्रवाळाचं नाव सांगा, कारण ते आपणहून त्यांच्या मनात येणार नाही.

वही

सगळी प्रवाळं मिटत असतील तर एक दोनशे पानी वही घ्या. तीन रकाने पुरतात: तारीख आणि वार, काय मिटलं, आणि घरात त्या दिवशी काय झालं. लोक तिसरा रकाना करत नाहीत. पीएच, नायट्रेट, फॉस्फेट लिहून पानं भरतात, पण ‘पाहुणे आले, एसी रात्रभर चालू’, ‘टँकरचं पाणी आलं’, ‘सोसायटीत डासांची धुरळणी’ हे लिहीत नाहीत. कीटकनाशकाच्या धुरात बहुधा पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, आणि ती कोळंबी आणि माशांना फार जाचतात. एअर पंप तोच धूर ओढून पाण्यात सोडतो. पावसाळ्यात धुरळणीच्या दिवशी खिडक्या लावून एअर पंप तासभर बंद ठेवायचा, एवढ्यावर हे भागतं. पण ते कळायला नोंद हवी.

माझ्या वहीत दोन महिन्यांत एक गोष्ट ठसठशीत दिसली. प्रवाळं मिटायची ती शुक्रवारी नाहीतर शनिवारी. मंगळवारी कधीच नाही.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. दर गुरुवारी नाही, महिन्यातून साधारण दोनदा, सकाळी तीन-चार तास. मला वाटलं, सापडलं! पंप बंद, लाटा बंद, कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात पाणी थिजलेलं. प्रवाळं गुदमरत असणार. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणला, लाटा करणारा पंप इन्व्हर्टरवर घेतला. तो जेमतेम १५ वॅटचा, इन्व्हर्टरला जाणवतही नाही. (हे दोन्ही तुम्ही तसंही करा. वीज गेल्यावर टँक मरतो तो अंधाराने नाही, पाणी हलायचं थांबल्याने.) पुढच्या गुरुवारी वीज गेली, पाणी छान हलत राहिलं, आणि शुक्रवारी झोआ मिटल्या.

चिकट फरशी

कोडं सोडवलं ते आमच्या मावशींनी. केर काढता काढता म्हणाल्या, “ताई, लाइट गेली की ह्या कपाटाखाली फरशी चिकट होती बघा. दोन-दोनदा पुसते, तरी पाय चिकटतोय.” मी खाली वाकून बोट लावलं, जिभेवर टेकवलं. खारट. कपाटाच्या मागच्या पायाशी मिठाची पांढरी किनारसुद्धा धरलेली होती. महिनोन् महिने ती तिथे होती आणि मी दिवसातून दहादा काचेतून आत बघत होते.

गुरुवारची वाट न बघता मी टॉर्च घेऊन कपाटासमोर बसले आणि मुख्य पंपाचं बटण बंद केलं. वरचं पाणी सम्पमध्ये उतरायला लागलं. ते उतरायचंच, तेवढी जागा आपण खाली सोडलेली असते. पण ते थांबेना. पाणी वर नेणाऱ्या नळीचं तोंड टँकमध्ये पाण्याखाली तीन सेंटिमीटर बुडलेलं होतं. पंप बंद पडला की तीच नळी उलटी चालते, रॉकेलच्या डब्यातून नळीने तोंडाने ओढून रॉकेल काढायचे तशी. तोंडाशी हवा लागेपर्यंत ती ओढत राहते. माझा टँक ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे एक सेंटिमीटर पातळी उतरली की ४ लिटर पाणी खाली येतं, आणि तीन सेंटिमीटरला १२ लिटर. सम्पमध्ये जागा होती नऊ-दहा लिटरची. उरलेलं कडेवरून हळूच ओघळून कपाटाच्या मागे.

असं होऊ नये म्हणून त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडलेलं असतं. पातळी भोकाखाली गेली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. माझ्याही नळीला ते होतं. त्यावर जांभळ्या शैवालाचा कडक थर चढून ते बुजलं होतं, इतकं बेमालूम की कुठे होतं ते नखाने चाचपून शोधावं लागलं.

आता पुढचं गणित. दर वेळी अडीच-तीन लिटर खारं पाणी फरशीवर जातं. वीज येते, पंप सुरू होतो, सम्पची पातळी खाली दिसते. बाष्पीभवनाची भरपाई करणारा स्वयंचलित टॉप-ऑफ समजतो की पाणी उडून गेलं. तो इमानेइतबारे तीन लिटर गोडं पाणी भरतो. बाष्पीभवनात पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. इथे मीठही गेलं होतं. १९० लिटरमध्ये ३ लिटरची ही अदलाबदल म्हणजे खारटपणा एका फटक्यात अर्ध्या पीपीटीने खाली. (पीपीटी म्हणजे हजार भागांत मिठाचे किती भाग.) महिन्यातून दोनदा. मध्ये मी ४० लिटर पाणी बदलायचे, त्यात तो थोडा वर यायचा, प्रवाळं फुलायची, आणि मी समजायचे की सूक्ष्म घटक संपले होते, ते मिळाले. प्रत्यक्षात प्रत्येक महिन्याचा तळ आधीच्या महिन्यापेक्षा खाली जात होता.

मोजलं कसं नाही? नाही मोजलं. टॉप-ऑफ बसवला म्हणजे खारटपणा स्थिर, हे मी गृहीत धरलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसं, मोजायला बसले तेव्हाही पहिलं उत्तर ३३ पीपीटी आलं आणि मी म्हटलं, इतकं काही वाईट नाही. मग ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, टाकला. त्याने ३७ दाखवलं. म्हणजे टँकमध्ये खरे ३१ होते. समुद्रात साधारण ३५ असतात, विशिष्ट गुरुत्व १.०२६. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ लाही बरोबर असेल असं नाही. जिथे वापरायचाय तिथेच तो तपासायचा. द्रावणाची बाटली एका जेवणाच्या पैशात येते.

शब्दाचा एक घोळ इथेच सोडवते. शाळेच्या पुस्तकात पाण्याच्या खारटपणाला ‘क्षारता’ म्हणतात आणि दुकानात काही जण अल्कलिनिटीलाही (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) ‘क्षारता’च म्हणतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी. फोनवर सल्ला विचारताना ‘क्षारता कमी झाली’ म्हणालात तर समोरचा तुम्हाला खाण्याचा सोडा टाकायला सांगेल. म्हणून मी खारटपणा म्हणते, ऐकायला गावठी वाटला तरी.

दुरुस्ती

नळीचं तोंड वर आणलं, आता ते पाण्याखाली एक सेंटिमीटरच आहे. जुनं भोक टाचणीने मोकळं केलं आणि दुसरं एक पाडलं. दर रविवारी काच पुसताना टाचणी फिरवते. उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह बसवा असं बरेच जण सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. त्यात वाळूचा एक कण किंवा गोगलगायीचं पिल्लू अडकलं की तो उघडाच राहतो, आणि नेमकं तेव्हाच आपण घरी नसतो. त्याऐवजी पंप बंद करून पाणी उतरू दिलं, जिथे थांबलं तिथे सम्पच्या काचेवर लाल मार्करने रेघ मारली. चालू असताना पाणी कुठवर असावं त्याची दुसरी रेघ.

खारटपणा वर न्यायला घाई केली नाही. एका दिवसात एक पीपीटीच्या वर चढवू नये. मासे सोसतात, प्रवाळं आणि कोळंबी नाही. सरळ मीठ तर टँकमध्ये कधीच ओतायचं नाही, त्याचा खडा ज्या प्रवाळावर पडेल तिथे ते भाजतं. सोपी युक्ती अशी की टॉप-ऑफच्या डब्यात काही दिवस गोड्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीचं खारं पाणी भरायचं. माझ्याकडे दिवसाला ४ लिटर पाणी उडतं. तितकंच खारं पाणी आत गेलं की रोज पाऊण पीपीटी वाढते. ३१ वरून ३५ ला यायला सहा दिवस लागले. रोज मोजलं. सहाव्या दिवशी डबा धुऊन पुन्हा गोडं पाणी भरलं. हे विसरलात तर आठवड्याभरात ४० ला पोहोचाल, म्हणून डब्यावर चिठ्ठी चिकटवा.

रोजचा हेलकावा

तुमची प्रवाळं ठरावीक वारी न मिटता रोज दुपारी तीन-चारच्या सुमाराला मिटत असतील तर फरशी चाटू नका, तापमान बघा. दिवसातून एकदा मोजून कळत नाही. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला मोजा. मे महिन्यात माझ्याकडे पहाटे २६ आणि संध्याकाळी साडेएकोणतीस होतं. सकाळी आठला चहा घेताना बघणाऱ्याला रोज २६.५ दिसायचं आणि सगळं आलबेल वाटायचं. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं आणि बहुतेक रंगही देतं. उष्णता बराच काळ टिकली की ही भागीदारी मोडते, प्रवाळ शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपला समुद्रात हेच घडलं.

पंखा हा गरिबाचा चिलर आहे आणि कोरड्या हवेत उत्तम चालतो. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता घेऊन जातं ती माझ्या १९० लिटरला तीन अंशांनी थंड करायला पुरेशी असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा खडखडीत कोरडी, तेव्हा दोन बारके पंखे पाण्यावर तिरके लावले की काम भागतं. तेच पंखे मुंबईत किंवा रत्नागिरीत जूनमध्ये लावून बघा. हवाच पाण्याने भिजलेली. उडायला जागा नाही, तर थंड कुठून होणार? माझ्या ठाण्याच्या बहिणीने तीन पंखे लावून पाहिले, वीज खर्च झाली, आवाज आला, पाणी अर्धा अंशही उतरलं नाही. किनाऱ्याला चिलर किंवा त्या खोलीत एसी, तिसरा मार्ग नाही. आणि चिलर कपाटात कोंडू नका. तो पाण्यातली उष्णता काढून कपाटातच ओततो, मग तीच पुन्हा पाण्यात.

पंख्याने पाणी जास्त उडतं हे मात्र ध्यानात ठेवा. टॉप-ऑफ नसेल आणि शनिवार-रविवार गावाला गेलात तर दहा लिटर पाणी कमी होऊन खारटपणा दोन पीपीटीने वर गेलेला असतो. सोमवारी मिटलेली प्रवाळं बहुधा याच घरची.

एप्रिल-मेचं पाणी

काहींची तक्रार वर्षातून एकदा येते, उन्हाळ्यात, आणि ती उष्णतेच्या खात्यावर जमा होते. पण त्याच महिन्यांत आणखी एक गोष्ट होते: नळाला पाणी नसतं आणि टँकर येतो. धरणाचं पाणी माझ्या मीटरवर शंभराच्या आसपास टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दाखवतं. टँकरचं, बोअरवेलमधून भरलेलं, ९०० दाखवतं. टँकसाठी पाणी गाळणाऱ्या आरओच्या पडद्याने ९५ टक्के अडवलं तरी पलीकडे ४५ उरतात. उरलेले क्षार शोषणाऱ्या शेवटच्या डीआय रेझिनवर मग नऊपट भार पडतो आणि आठ-नऊ महिने जाणारं रेझिन महिन्यात संपतं. तुम्ही मात्र कॅलेंडरवर दिवाळीची तारीख लिहून निर्धास्त. डीआयच्या पुढे मीटर शून्य दाखवायला हवा. २ दाखवायला लागला की रेझिन बदला, कारण पुढे तो झपाट्याने चढतो.

स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी चालेल का, हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. नाही चालणार, आणि कारण त्याच्या खोक्यावरच छापलेलं असतं. पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळतो. त्याहून वाईट म्हणजे हल्ली तांब्याच्या भांड्याचं कौतुक विकायला काही यंत्रं पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला ते ठीक असेल. कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळांना तांबं हे विष आहे, आणि दगडात एकदा मुरलं की महिनोन् महिने झिरपत राहतं. याच कारणाने माशांवरची तांब्याची औषधंही प्रवाळाच्या टँकमध्ये वापरायची नाहीत, आणि पितळी तोटी, पितळी स्क्रू पाण्याच्या वाटेत नकोत.

उरलेलं, थोडक्यात

लेदर आणि झोआ एकाच टँकमध्ये असतील तर लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना दाबतं. मऊ प्रवाळ दिसायला गरीब, पण भांडतं असं. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. ज्यांची तक्रार ‘दर महिन्याच्या शेवटी’ अशी असते त्यांचा कार्बन बहुधा तेव्हाच संपलेला असतो.

नवा एलईडी आणल्यावर आठवड्यात प्रवाळं फिकी पडली तर दिव्याचं ऊन लागलंय. निम्म्यावर आणा आणि महिनाभर हळूहळू वाढवा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवतायत म्हणून अभिमान बाळगू नका, प्रवाळं उपाशी आहेत. नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास, एवढी ‘घाण’ हवीच.

दुबई, न्यू जर्सी, सिंगापूरहून विचारणाऱ्या मंडळींकडे कायदेशीर पैदाशीची कठीण प्रवाळं असतात. त्यांचा पहिला संशयित अल्कलिनिटी. सांगाडा बांधताना प्रवाळ ती रोज खातं, आणि आठवड्यातून एकदा भरपाई करणाऱ्यांचा आकडा ९ डीकेएचवरून (हे अल्कलिनिटीचं माप) ७ वर येतो आणि पुन्हा ९ वर उडी मारतो. त्या उडीनेच टोकं जळतात. ८ वर स्थिर राहिलेला टँक या झोक्यापेक्षा कधीही चांगला. १०० लिटरला एक डीकेएच चढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. तो पाण्यात विरघळवून, रोज थोडा थोडा. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा: गाळलेल्या पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळवून, वरचं नितळ पाणी थेंब थेंब सोडायचं. पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते पानवाल्यालाही ठाऊक नसतं. निवळीचा डबा झाकून ठेवा. शाळेत नळीने फुंकर मारून निवळी दुधाळ केलेली आठवते ना? उघड्या डब्यात खोलीतला कार्बन डायऑक्साइड तेच करतो, आणि तुम्ही मग नुसतं पाणी सोडत बसता. त्याच वायूमुळे एसीसाठी बंद केलेल्या, चार माणसं झोपलेल्या खोलीत पहाटे पीएच ७.८ च्या खाली जातो. त्यावर औषध नाही, खिडकी आहे.

परवाच्या गुरुवारी पुन्हा वीज गेली. मी टॉर्च घेऊन कपाटासमोर बसले होते. पाणी उतरलं, लाल रेघेशी आलं आणि थांबलं. भोकातून हवा शिरताना सुर्र असा आवाज येतो, तो आला. मावशी फरशी पुसून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

उजव्या कोपऱ्यातली हिरव्या झोआंची एक वसाहत मात्र अजून मिटते. ती एकटीच, आणि दोन वेळा सोमवारी. रविवारी मी काच घासते तेव्हा सुटलेलं शैवाल त्याच कोपऱ्यात जाऊन बसतं, असा सध्या संशय आहे. पुढचे तीन रविवार काच न घासता बघणार आहे. वहीत तारखा टाकून ठेवल्यात.